करंगळीएवढ्या छिद्रास यंत्र न लावणेबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
समान पाणीवाटप पडताळणी कक्ष,
इंदापूर रस्ता, बारामती, जि. पुणे.

विषय : मौजे झरेवस्ती (सांगवीजवळ) येथील सुमारे अठराशे वर्षे जुन्या दगडी कुंडीची छिद्रे यंत्राने समान करण्याचा आदेश रद्द होणेबाबत.

संदर्भ : आपला आदेश दि. १०/०२/२०२५ (‘तातडीचे’ असा शिक्का असलेला, हाती पडला १५ तारखेस).

महोदया/महोदय,

१. मी पुरातत्त्व संशोधक असून रीतसर परवानगीने गेले तीन महिने झरेवस्तीच्या उतारावर खोदकाम करीत आहे. तेथे भाजक्या मातीचे नळ व त्यांच्या टोकाला काळ्या दगडात कोरलेली, कमरेइतकी खोल कुंडी सापडली. नळांतला गाळ काढताच वरच्या बारवेचे पाणी आपसूक कुंडीत उतरले आणि आता तिन्ही आळ्यांची जनावरे त्यावर पाणी पितात. योजना उद्घाटनाशिवाय सुरू झाली, याबद्दल सर्वप्रथम दिलगिरी व्यक्त करते.

२. कुंडीला तीन छिद्रे आहेत. वरच्या आळीकडे जाणारे अंगठ्याएवढे, मधल्या आळीकडचे तर्जनीएवढे आणि खालच्या आळीकडचे करंगळीएवढे. येथे मजकडून चूक झाली, ती लेखी कबूल करते. शोध लागला की तो गावाला सांगावा, असे आम्हाला शिकवतात. गाव ऐकते, हे शिकवत नाहीत. समाजमंदिरासमोर पडदा लावून, फोटो दाखवून मी मोठ्या तोऱ्यात सांगितले की, ज्याचा मान मोठा त्याचे छिद्र मोठे, हा त्या काळच्या विषमतेचा दगडी पुरावा होय. टाळ्या आल्या, पण फक्त वरच्या आळीतून.

३. दुसऱ्या दिवशी वरच्या आळीतले ज्येष्ठ नागरिक नाना यांनी अंगठ्याएवढ्या छिद्रास झेंडूचा हार घातला. खालच्या आळीच्या चंद्राबाई म्हशी घेऊन तेथे आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “नाना, भोकाला हार? उद्या बारसं बी करचाल!” नाना म्हणाले, “मान हाय त्यो आमचा. शिकल्याली बाई सांगून गेलीया.” यावर चंद्राबाईंनी म्हशी तिथेच सोडल्या, एसटी धरली आणि आपल्या कार्यालयात अन्यायाची तक्रार नोंदवली. मधली आळी कोणाच्याच बाजूने नव्हती. ती फक्त बघायला रोज येत असे.

४. आपल्या कार्यालयाने विलक्षण तत्परता दाखवली. आपले मोजणीदार आले, तिन्ही छिद्रांत पट्टी घालून रुंदी लिहून घेतली आणि निघाले. छिद्रे एका पातळीत नाहीत, अंगठ्याचे सर्वांत वर व करंगळीचे पार तळाशी आहे, तेवढी खोलीही लिहा, अशी मी विनंती केली. ते सौजन्याने म्हणाले, “मॅडम, खोलीचा रकानाच न्हाय. मी कुठं लिहू, हातावर?” त्यामुळे अठराशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचे निम्मे काम अभिलेखावर येऊ शकले नाही. खालची दोन छिद्रे अंगठ्याच्या मापाची करावीत, असा आदेश निघाला.

५. आदेश वाचून दाखवल्यावर खुद्द तक्रारदार चंद्राबाईच अस्वस्थ झाल्या. त्या मला म्हणाल्या, “पोरी, चार दिस झालं भोकंच मोजताय समदी. पानी कुनी मोजलं का?” मी पुरातत्त्वात पदव्युत्तर पदवी घेतली आहे. मला हे सुचले नव्हते. त्यांनी एकाच मापाच्या तीन बादल्या तीन छिद्रांखाली लावल्या. तिन्ही बादल्या अडतीस सेकंदांत भरल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा अडतीस. खाली पाण्याचा दाब जास्त, म्हणून छिद्र बारीक. वर दाब कमी, म्हणून मोठे. माझा विषमतेचा पुरावा बादलीत बुडाला. नानांनी हार काढून म्हशीला चारला.

६. आता आपला आदेश अमलात आल्यास काय होईल, हे नम्रपणे मांडते. छिद्रे समान झाली की पाणी खालच्या दोन छिद्रांतून धावेल, कुंडीतली पातळी उतरेल आणि वरचे छिद्र कोरडे राहील. हे समजल्यावर नाना म्हणाले : “मंग आमच्या आळीला काय, वारा?” म्हणजे जे वाटप आज समान आहे, ते समान केल्यामुळे असमान होईल, आणि दगड एकदा कापला की पुन्हा वाढत नाही.

७. आज सकाळी मी समक्ष हजर झाले असता, आदेश मागे घेण्यासाठी ‘मूळ बांधकाम करणाऱ्याचा पूर्णत्वाचा दाखला’ आणावा, असे सांगण्यात आले. शोध सुरू आहे. सदर इसमाचे नाव, गाव, आडनाव यांपैकी काहीही आढळलेले नाही. काम मात्र चालू स्थितीत आढळले आहे. आपल्याकडे अशी उलट उदाहरणे पुष्कळ असल्याने हे प्रकरण कोणत्या नमुन्यात बसवावे, ही अडचण मी समजू शकते.

तरी विनंती की, गुरुवार दि. २०/०२/२०२५ रोजी सकाळी अकरा वाजता येणारे यंत्र थांबवावे. ते जमत नसल्यास त्याच्या अर्धा तास आधी आपण स्वतः एक बादली घेऊन यावे. घड्याळ आम्ही देऊ.

दोन्हीही जमत नसल्यास एक बाब निदर्शनास आणते. यंत्र येईल तेव्हा कुंडी रिकामी मिळणार नाही. करंगळीच्या छिद्राला टाच लावून चंद्राबाई आत उभ्या राहणार आहेत, आणि त्यांच्या शेजारी, पाय गारठले म्हणून आत्तापासूनच कुरकुर करणारे नाना. मी बाहेर उभी राहीन. आत तिसऱ्या माणसाला जागा नाही.

आपली नम्र व तूर्त कोरडी,
(सही)
मेहजबीन अय्युब आतार
मुक्काम झरेवस्ती, ता. बारामती
दि. १७/०२/२०२५

सोबत :
१) कुंडीची छायाचित्रे, खोलीसह.
२) बादलीच्या वेळांचा तक्ता, तिन्ही आळ्यांच्या सह्यांनिशी.
३) आपल्या मोजणी नमुन्याची प्रत, ‘खोली’ हा रकाना मी पेनाने आखून दिला आहे.