हातभर कमी पडलेली केबल

ती. ताईंना,

धाकट्या जावेचा नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे जेवढा वाकून करता आला तेवढाच. कंबर का धरली ते पुढे येईलच.) तुम्ही, दादा आणि तुमची निळी गाडी, तिघेही खुशाल असाल. आईंची खुशाली मुद्दाम विचारत नाही, कारण ती त्या मला रोज फोनवर सांगतात, आणि रोज ती आदल्या दिवसापेक्षा थोडी जास्तच असते. तुमची मान कशी आहे? मान वळत नाही म्हणजे गाडी मागे घेताना पंचाईत होत असेल, अशी मला काळजी वाटत होती. पण दादा म्हणाले, तुमच्या गॅरेजात गाडी सरळ नाकासमोर आत जाते आणि केबल हवी तिथे पोचते, मान वळवायची वेळच येत नाही. एखाद्याचं दुखणंसुद्धा सोयीचं असतं ते असं.

तुम्ही पाठवलेला फोटो मिळाला. फोटो छान आहे. भिंतीवर चार्जर, त्याखाली हुकावर गुंडाळून ठेवलेली केबल, शेजारी गाडी आणि गाडीपुढे खुर्ची टाकून बसलेल्या आई, हातात चहा. (कपाखाली बशी दिसली. आमच्याकडे त्या मला "बशी कशाला, उगीच एक भांडं वाढतं" असं सांगून नुसता कप घेतात. तुमच्याकडे भांडी घासायचं मशीन आहे, तेव्हा ठीक आहे.) फोटो मी कामावर, दवाखान्यातल्या माझ्या टेबलावर उघडून बघत होते. आमचे दातांचे डॉक्टर मागून जाता जाता थांबले आणि म्हणाले, तुमचा जबडा इतका आवळलेला का दिसतो? मग फुकटात माझे दातही तपासले. दाढा घासल्या गेल्या आहेत म्हणे, झोपेत दात खाता का विचारत होते. मी सांगितलं, झोपेत नाही, मी जागेपणीच खाते. आमचं हे असं बरं चाललं आहे.

आता मूळ विषय. आई तुमच्याकडे आठ दिवसांसाठी म्हणून गेल्या, त्याला आता बरेच आठवडे झाले. का गेल्या, हे तुम्हांला ठाऊक असेलच, तरी माझ्या तोंडून ऐका. त्यांना संध्याकाळी तळ्यापर्यंत एक फेरी लागते. त्यांचा गुडघा चालू देत नाही, म्हणून गाडी लागते. आणि आमची गाडी संध्याकाळी कुठे असायची, तर बाजारातल्या चार्जिंगच्या रांगेत. घरी चार्जर असून! कारण आमच्या घरचा चार्जर पोर्चच्या डाव्या भिंतीला आहे आणि गाडीचं चार्जिंगचं झाकण मागे उजवीकडे. पाच मीटरची केबल ताणून ताणून मागच्या चाकापर्यंत जायची आणि तिथे मान टाकायची. आई रोज तयार होऊन, पर्स मांडीवर घेऊन बसायच्या आणि ह्यांचा रांगेतून फोन यायचा की पुढे अजून तिघे आहेत. तुमच्याकडे गेल्यावर त्यांनी पहिल्याच फोनवर मला सांगितलं, "इथे गाडी सदा भरलेली असते गं." त्यांच्या मनात काही नव्हतं, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आता तुम्ही म्हणाल, झाकण कुठे आहे ते बघून गाडी घ्यायची. बघितलं होतं की! तुमच्याकडे येऊन, तुमच्या गाडीला दोन चकरा मारून बघितलं होतं. तुमचं तिथे व्यवस्थित पोचत होतं, म्हणून आम्ही तीच गाडी घेतली, तोच चार्जर घेतला, केबल त्याच्याबरोबर आली ती. (रंग मात्र वेगळा आहे. तुमचा निळा, आमचा निळसर.) तुमची भिंत उजवीकडे आहे आणि आमची डावीकडे, एवढी एकच गोष्ट आम्ही बघायची विसरलो.

तर आईंना परत आणायचं म्हणजे आधी चार्जरचा हात लांब करायचा, असं मी ठरवलं. पहिला प्रयोग तुमच्या धाकट्या दिरांनी केला. (त्यांचं काही बिनसलं की ते तुमचे दीर असतात, एरवी आमचे हे.) गाडीबरोबर साध्या प्लगला लावायचा एक छोटा चार्जर आला होता. तो त्यांनी माळ्यावरच्या चक्रीवाल्या एक्स्टेन्शन बोर्डाला लावला. वायर उलगडायचे कष्ट कशाला, म्हणून चक्री गुंडाळलेलीच ठेवली आणि आत जाऊन पेपर वाचत बसले. थोड्या वेळाने मला वास आला. मला वाटलं मी इस्त्री चालू ठेवली, मी इस्त्रीकडे धावले. इस्त्री गार आणि चक्रीला हात लावला तर चटका! तेवढ्यात घरातली वीजच गेली, कपडे धुवायचं मशीन साबणाचं पाणी पोटात घेऊन थांबलं. मग आमचे नेहमीचे वायरमन आले. आम्ही त्यांना अरेरे म्हणतो, कारण ते काहीही बघितलं की आधी तेवढंच म्हणतात, मग ते जळकं बटण असो की आमच्या लग्नाचा फोटो. त्यांनी चक्री बघितली, अरेरे म्हणाले आणि बजावलं की घरगुती बोर्डावर तासन्‌तास गाडी लावायची नाही. घ्यायची तर चार्जरची म्हणून मिळते ती एकच सलग, लांब केबल घ्या, जोडाजोडी नको. इतकं झाल्यावर मलाही ते पटलं.

आता लांब म्हणजे किती? मी तुमच्या केबलची लांबी दादांना आडून आडून विचारली होती. ते साडेसात म्हणाले. म्हणून मी म्हटलं, आठ घेऊ. (अर्धा मीटर मला तुमच्यापेक्षा जास्त हवा होता. आता सांगायला हरकत नाही.) पण हे पडले मोजणीदार. जन्म गेला लोकांच्या जमिनी मोजण्यात, ते अंदाजाने केबल कशी घेतील? दुसऱ्या दिवशी ह्यांनी ऑफिसातलं तीन पायांचं यंत्र आणून आमच्या पोर्चमध्ये उभं केलं. रस्ता रुंद होणार आणि आमचं घर पडणार अशी गल्लीत बातमी झाली, दोन बायका माझं सांत्वन करून गेल्या. ह्यांनी मात्र मन लावून मोजमाप केलं, पोर्चचा सुबक नकाशा काढला, त्यात गाडी काढली, कुंड्यासुद्धा काढल्या, आणि आकडा काढला सहा मीटर. मी म्हटलं, थोडी जास्तच मागवा. त्यावर ते दुखावले. जास्त मागवणं म्हणजे मोजणीवर अविश्वास दाखवणं, असं त्यांचं म्हणणं. नेमकी सहा मीटरची केबल आली, तीही दुकानात नव्हती, ह्यांनी मुद्दाम करून घेतली. आणि ताई, ती ताणून धरूनसुद्धा हातभर कमी पडली.

मी काही बोलले नाही. (बोलले. पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.) चूक काय झाली ते कळायला आम्हांला दोन कप चहा लागला. मोजणीच्या नकाशात फक्त जमीन धरतात. डोंगर असला तरी चढ-उतार सोडून द्यायचा आणि सपाटीवरचं अंतर लिहायचं, ही ह्यांची इतक्या वर्षांची शिस्त. आमचा चार्जर भिंतीवर माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर आहे. केबल आधी तिथून खाली उतरणार, मग जमिनीवरून जाणार, मग गाडीच्या झाकणापर्यंत पुन्हा वर चढणार. ते उतरणं-चढणं ह्यांनी शिस्तीत सोडून दिलं होतं. अजूनही त्यांचं म्हणणं असं की नकाशा बरोबर आहे, भिंतच उंच आहे. आणि मी डोळ्यांसमोर तुमचा तो हूक आणि त्यावरचे केबलचे गुबगुबीत वेढे आणत बसले होते. तुमच्याकडे केबल उरते, ताई. उरते!

शेवटी मीच म्हटलं, केबल गाडीपर्यंत जात नसेल तर गाडी केबलपर्यंत आणा. गाडी उलटी, मागच्या बाजूने आत घ्या. उजवी बाजू आपोआप भिंतीकडे येईल. आता तुमच्या दिरांना सगळ्या दिशा कळतात, फक्त मागची कळत नाही. म्हणून समोरच्या गार्डकाकांना बोलावलं. आयुष्यभर आगगाडीवर गार्ड होते, शिट्टी अजून खिशात असते. ते मागे उभे राहून शिट्ट्या मारू लागले आणि "येऊ द्या, येऊ द्या" म्हणू लागले. एवढं मात्र आमच्या ध्यानात आलं नव्हतं की ह्या माणसाने उभ्या जन्मात गाडी फक्त सोडली आहे, थांबवण्याचं काम दुसऱ्याचं असायचं. शिट्टी जोरात वाजत होती, हात हलत होता, आणि मोगऱ्याची मोठी कुंडी गाडीखाली जाईपर्यंत हलतच राहिला. ती कुंडी ओढून काढताना माझी कंबर धरली. गाडी मात्र आत बसली. ह्यांच्या बाजूचं दार भिंतीला टेकलं, म्हणून ते पाय दुमडून डाव्या दाराने बाहेर आले, आणि केबल लावून बघतात तो झाकण चार्जरच्या अगदी पुढ्यात! इतकं, की जुनी पाच मीटरची केबलसुद्धा उरली असती. नवी आता माळ्यावर त्या जळक्या चक्रीशेजारी आहे.

तर सांगायचं एवढंच की आता आमच्याकडेही गाडी सदा भरलेली असते. केबल उरते. आम्ही हूकही लावला आहे. (तुमच्यापेक्षा मोठा.) दादांना नमस्कार, तुमच्या मानेला जपा.

तुमची,
धाकटी जाऊ

ता. क. : आईंना सांगा की त्यांना यायची घाई नाही. पण बसायचं दार उजवीकडचंच लागतं, डावा गुडघा वाकत नाही, हे दादांच्या लक्षात असतं ना? आम्ही त्यासाठी आधी गाडी फाटकाबाहेर काढून मगच त्यांना बसवणार, असं ठरवून ठेवलं आहे. सहज लिहिलं.

आणखी एक : वर घाई नाही लिहिलं ते खोडायचं राहिलं. ताई, गाडी भरून उभी आहे आणि न्यायचं कुणाला? काल संध्याकाळी मी एकटीच डाव्या दाराने बंद गाडीत शिरून बसले. स्टिअरिंग धरलं. मागच्या सीटवरून कुणी "हळू चालव" म्हणालं नाही. गाडी उभी असतानासुद्धा त्या म्हणतात, तुम्हांला माहीत नसेल. तुमच्याकडे गॅरेज आहे, बशा आहेत, साडेसात मीटर आहे, मला सगळ्याचा हेवा वाटतो आणि मी तो मुकाट्याने करत राहीन. पण माझ्याकडे आई होत्या. त्या तेवढ्या परत द्या.

शेवटचं : हे पत्र त्यांना वाचून दाखवू नका. दाखवलंतच, तर गाडीत बसल्याचं तेवढं उजव्या कानाशी, मोठ्याने वाचा. डाव्याने त्यांना कमी ऐकू येतं.