वाटेवर सांडलेलं सोनं

प्रिय जवाईबापू,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणारी बाई मी नव्हे. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून सहीपुरतीच लेखणी धरली. पण तुम्ही गेल्यावर तुमचा कॉम्प्युटर क्लास जी सांभाळते ती शबाना परवा घरी आली, आणि कॉम्प्युटरवरच्या खेळासाठी तुम्ही केलेल्या नकाशातलं सोनं पुसून टाकते म्हणाली. ते तिथे काऊन ठेवलं, हे फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक. तुम्ही तर निघून गेलात. मग लिहायचं कोणी?

येत्या रविवारी तुमच्या नावानं क्लासमध्ये सामने ठेवले आहेत. चंद्रपूरची पोरंसुद्धा येणार आहेत. खेळणार तुमच्याच नकाशावर. शबानाला वाटलं, पाहुण्यांपुढे सरांचं काम स्वच्छ दिसावं. ती म्हणाली, "आजी, सरांनी वाटेवर सोनं सांडून ठेवलंय. काम अर्धवट राह्यलं वाटते. काढून टाकू का?"

मी म्हटलं, "हात लावशील तर पाहा."

खरं सांगू? पहिल्यांदा तो नकाशा पाहिला तेव्हा माझंही मत तुमच्याबद्दल काही चांगलं नव्हतं. माझ्या शोभाच्या बाळंतपणाला मी पोंभुर्ण्याकडून अहेरीला आले. घरात दहा दिवसांची पोर, आणि बाप दुपारभर त्या डब्यापुढे बसून काचेत झाडं लावतोय! मी शोभाला तुमच्या कानावर जाईल असंच म्हटलं, की पोरगी दिली मास्तराले अन् निघाला माळी. तुम्ही ऐकलंत आणि हसलात. तुमचं ते हसणं मला तेव्हा फार राग आणायचं. माणसानं उलट बोलावं, म्हणजे भांडता तरी येतं.

नात झोपली की मी तुमच्या मागे खुर्ची टाकून बसू लागले. करमत नव्हतं म्हणून, दुसरं काही नाही. तुम्ही मला समजावलंत. चार राजे, चार कोपरे. लाकूड तोडायचं, सोनं खणायचं, घरं बांधायची, फौज उभी करायची आणि दुसऱ्यावर चालून जायचं. मधोमध मोठी खाण. ती ज्याच्या हाती लागली त्याचं राज्य. तीन कोपऱ्यांतून खाणीकडे सरळ रस्ता होता. चौथा कोपरा नदी आणि डोंगराच्या बेचक्यात. तिथून निघायला एकच लांब वाट.

त्या चौथ्या कोपऱ्यातून जो सुरू करी तो हरे. कोणीही बसो.

तुम्ही चारही कोपऱ्यांतून स्वतः खेळून बघत होतात. आज या राजाकडून, उद्या त्या राजाकडून, आणि प्रत्येक वेळी अगदी मनापासून. मी पाहत होते ना. स्वतःच्याच कालच्या फौजेवर आज तुटून पडायचात, आणि कालच्यासाठी हात आखडता घ्यायचा नाहीत. असं कुठी पाहिलं नव्हतं मी. माणूस एका घरचा असतो. लग्न होऊन दोन घरची होते ती बाई, आणि तिचीही त्यात किती ओढाताण होते. तुम्ही चार घरचे कसे काय झालात?

एकदा न राहवून विचारलंच, की हा कोपरा हरते तर हरू द्या, कोणाचं काय जाते? तुम्ही पडद्यावरची नजर न काढता म्हणालात, "मामी, तिथी बसणारं पोरगं मले दिसत नाई. पण बसल्या बसल्या हरलं, तर त्याले वाटंल आपल्यातच काई कमी हाय."

मी खुर्ची आणखी जवळ ओढली. 

मग तुम्ही त्या कोपऱ्याच्या दारातच सोन्याचा ढीग ठेवलात. गरिबाला जास्त. झालं उलटंच. तो राजा घरीच बसून फौज वाढवी आणि शेजाऱ्याला सुरुवातीलाच चिरडून टाकी. ढीग कमी केला की पुन्हा हरे. थोडं वाढवा, थोडं काढा, असे आठ दिवस गेले. तुम्हाला जेवणाची शुद्ध नाही. शोभा ताट झाकून ठेवी आणि माझ्याकडे पाही, जणू मीच नकाशा बिघडवला.

आणि मग मी तोंड उघडलं. उपदेश करायला नव्हे हो. तुमचा तो ढीग बघून मला आमच्या गावचा मोह आठवला.

आमच्याकडे मोहाची झाडं घराघरांत वाटलेली. मी नवी नवरी असताना आमच्या घराला नाल्यापलीकडची आली. पहाटे फुलं वेचायला निघालो तरी पोचेपर्यंत निम्मी फुलं जनावरांनी खाल्लेली. गावाला दया आली, त्यांनी आम्हाला गावाजवळची दोन झाडं वरून दिली. आमच्या सासऱ्यांनी काय करावं? नाल्यापलीकडे जाणंच सोडलं. त्या दोन झाडांखाली बसून राहिले. पुढच्या साली अर्धं गाव म्हणे, आमालेच लांबची झाडं द्या, अन् वरून जवळची दोन. डोकी फुटायची वेळ आली. तेव्हा जुन्या माणसांनी दोन्ही झाडं परत घेतली आणि नवा कायदा केला. नाल्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर ज्याच्या कोणाच्या झाडाची फुलं पडतील, ती नाल्यापलीकडच्या घरानं वेचायची. बाकीच्यांनी त्या वाटेवर वाकायचं नाही. जो चालेल त्याला मिळेल. आम्ही मुकाट चालू लागलो. टोपलं तिथे पोचायच्या आधीच बूड झाकेपर्यंत भरायचं.

मी हे सांगत होते, आणि तुम्ही माझ्याकडे असे बघत होतात की मला वाटलं, पदर तर सरकला नाही?

"मामी, हे आधी काऊन नाई सांगितलं?"

"तुमी इचारलं कवा?"

दारातला ढीग तुम्ही उचललात. कोपऱ्यापासून खाणीपर्यंतच्या त्या लांब वाटेवर थोडं थोडं सोनं टाकलंत. घरी बसाल तर काही नाही, निघाल तर पावलोपावली. मग चारही कोपऱ्यांत क्लासची पोरं बसवलीत. डाव लांबत गेला. कोण जिंकेल ते कोणालाच सांगता येईना. मला त्यातलं काय कळत होतं? पण एवढं दिसलं. एवढ्याशा काचेत चारही घरं सारखी जिवंत होती. देवानं आमच्या जिल्ह्याचा नकाशा केला तेव्हा तो चारही कोपऱ्यांत एकेकदा बसून पाहता, तर किती बरं झालं असतं.

एवढं सारं करणारा माणूस स्वतःचा ताप मात्र अंगावर काढतो. काऊन? पंधरा दिवस 'बरं आहे, बरं आहे' म्हणत राहिलात. अहेरीहून चंद्रपूरला नेताना वाटेतच गेलात. याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही. शोभा करेल. ती मऊ आहे.

हे सगळं मी शबानाला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण पटलं नाही. म्हणाली, आजी, सरांची आठवण म्हणून तुम्हाला तसं वाटतं, खेळात असं चालत नाही. मी म्हटलं, मग बस. मले त्या कोपऱ्यात बसव.

तिनं माउस कसा धरायचा ते दाखवलं, आणि स्वतः दुसऱ्या कोपऱ्यातून माझ्याविरुद्ध खेळायला बसली. तासभर तर माझी माणसं झाडावरच आपटत होती. पण वाटेला लागले, आणि जवाईबापू, हातात येत गेलं. एक ढीग, मग दुसरा, पुढचं पाऊल टाकायला बळ देणारा. खाणीपर्यंत पोचले. तिथे चार घरं बांधली. शेवटी शबानाच्या फौजेनं मला धुऊन काढलं, ती गोष्ट वेगळी. मी हरले. पण माझ्या हातानं हरले, कोपऱ्यानं नाही.

शबाना जिंकूनही उठेना. म्हणाली, "आजी, मी मध्यात घाबरले होते."

सोनं तिथेच राहिलं.

तुमच्या वहीत सगळं मापानं लिहिलेलं आहे, कुठे किती ठेवलं. काऊन ठेवलं, तेवढंच नाही. ते पान मी लिहून देणार आहे, वेडंवाकडं का असेना, म्हणजे पुढे कोणी साफसफाई करायला निघणार नाही. आणि तुमची लेक मोठी झाली की तिला चारही कोपऱ्यांतून खेळवीन, त्या चौथ्यातून जास्त. हरेल तेव्हा हरू दे. कोपऱ्याला बोल मात्र मी तिला लावू देणार नाही.

तुम्हाला माळी म्हणणारी,
तुमची सासू
पार्वता