पाणी भरायची पाळी

३ ऑक्टोबर २००२, क्लूनफारा

पोहोचले एकदाची! बसमधून इथे उतरणारी मी एकटीच. ड्रायव्हरने बॅग खाली ठेवली आणि पोटाकडे बघत म्हणाला, सांभाळून हं पोरी. एवढ्यावरच माझे डोळे भरले. लिझीआजीच्या गावात पाय ठेवल्या ठेवल्या कोणीतरी पोरी म्हणालं! आजी तरुणपणी इथून निघाली ती थेट अर्जेंटिनात, आमच्या मेंढ्यांच्या मुलखात उतरली आणि मरेपर्यंत या गावाच्या नावाने उसासे टाकत राहिली. पूल, चर्च, दगडी कुंपणं, सगळं तिने सांगितलं तस्संच आहे. पावसाबद्दल मात्र म्हातारी फारच कमी बोलली होती.

रुबेनने ही वही दिली आहे. सगळं लिहून ठेव, बाळाला वाचून दाखवू, म्हणाला. तर बाळा, ऐक. तिकडे बँकांनी आपले पैसे गिळले, तुझ्या बाबाचं, रुबेनचं, दुकान बसलं, आणि आता आपल्याला इथलं नागरिकत्व हवंय. आजी इथली, म्हणून मला ते मिळू शकतं. पण तुझ्या जन्माच्या आधी माझं नाव डब्लिनच्या सरकारी नोंदीत चढलं तरच पुढे तुलाही मिळेल. एक दिवस जरी उशीर झाला तरी तुझं नाव कापलं जाणार. तू येणार फेब्रुवारीत, म्हणून ही धावपळ.

राहणार आहे डिम्फ्नामावशीकडे. आजीच्या धाकट्या भावाची ही मुलगी, म्हणजे माझ्या आईची मामेबहीण. सत्तरी उलटलेली, काठीसारखी ताठ. कॉर्मिकन आडनावाचं इथे उरलेलं हे एवढंच माणूस. बोलली फारसं नाही. थकली असेल. खिडकीतून शेत दिसतं आणि शेतापलीकडे भिंत घातलेलं जुनं कबरस्तान. छान झोप लागणार आज.

६ ऑक्टोबर

थकली वगैरे काही नाही, बाई मुळातच विषारी आहे. आज रविवारच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला जाताना रस्त्यातल्या प्रत्येकाला तिने माझी ओळख ‘आमची यांकीण’ अशी करून दिली. मी म्हटलं, मावशी, यांकी म्हणजे अमेरिकेचे, मी अर्जेंटिनाची. तर म्हणे, पळून गेलेले सगळे मला सारखेच. तिकडून आणलेल्या माझ्या ‘माते’ नावाच्या पाल्याच्या चहाला ती गवताचा काढा म्हणते आणि नाक मुरडून खिडकी उघडते. चहाबरोबर सोड्याचा पाव दिला तोसुद्धा कालचा.

मुद्द्याचं बोलायला गेले तर उसळलीच. आजीच्या बापाने तिच्या जन्माची नोंद सरकारात केली नव्हती. ती आता करायची तर चर्चमधला बाप्तिस्म्याचा दाखला हवा आणि घरातल्या वडीलधाऱ्याने शपथेवर सांगायला हवं की होय, लिझी आमचीच. ही शपथ डिम्फ्नामावशीशिवाय कोण घेणार? तर म्हणते कशी, तुझी आजी दोन आजारी म्हातारे माझ्या आईच्या गळ्यात टाकून बोटीत बसली, तेव्हा कुठे होतीस तू नात? अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तेव्हा जन्मले नव्हते, बये!

एक सवय मात्र विचित्र आहे तिची. रोज सकाळी मागच्या हापशावर बादली भरते, शेत ओलांडते आणि कबरस्तानाच्या भिंतीवर ठेवून येते. संध्याकाळी रिकामी आणते. मी म्हटलं, द्या इकडे, मी नेते. हातावर चापट मारली माझ्या. खरंच मारली.

११ ऑक्टोबर

फादरना बाप्तिस्म्याची नोंद सापडली! एलिझाबेथ कॉर्मिकन, आईबापांच्या नावासकट. मी तिथेच फादरना मिठी मारणार होते.

आनंदाच्या भरात मॉसी टायननच्या दुकानात बिस्किटं घ्यायला गेले. गावातलं किराणा दुकानही तेच आणि गुत्ताही तोच. आत बसलेले चौघेजण मी शिरताच माझ्याकडे वळले. मॉसी म्हणाला, देशात चार पैसे खुळखुळायला लागले की जगभरातल्या लोकांना आजी आठवते, नाही का? सगळे फिदीफिदी हसले. मी म्हटलं, मला आजी आधीपासून आठवते, तुमचे चार पैसे तुमच्यापाशी ठेवा. त्यावर जास्तच हसले मेले.

मावशीच्या बादलीचं विचारलं तेव्हा हसणं थांबलं. मॉसीने सांगितलं ते असं. त्या जुन्या जागेत फक्त कॉर्मिकनांच्या रक्ताची माणसं पुरतात. आणि तिथे शेवटी पुरलेल्या माणसाकडे पाणी भरायची पाळी असते. आत पडलेल्या सगळ्यांना तहान असते, सगळ्यांना त्याने पाजायचं, पुढचा येईपर्यंत. पूर्वी एका दिवशी दोन मयती निघाल्या तर दोन्हीकडचे खांदेकरी शवपेट्या घेऊन पळत सुटायचे, आपलं माणूस आधी आत जावं म्हणून. सध्या पाळी फेस्टसची आहे, डिम्फ्नाच्या भावाची. तीस वर्षं झाली त्याला जाऊन. बहीण जमेल तेवढा भार हलका करते त्याचा.

मग माझ्या पोटाकडे बघून मॉसी म्हणाला, दाखला मिळाला ना, जा आता आपल्या देशात. इथे तुझं कोणी नाही. असला राग आला! बिस्किटं तिथेच टाकून आले.

१८ ऑक्टोबर

झालं! शपथ झाली, सही झाली, कागद डब्लिनला रवाना झाले. हुश्श.

मावशीला चार दिवस छातीत कफ आहे. काल सकाळी खोकत खोकत तिने मला शेतापलीकडे नेलं आणि फेस्टसच्या दगडाशी उभं करून सरळ सौदाच मांडला. म्हणाली, मी लवकरच इथे येणार. मी आले की फेस्टस सुटला, पण मग मला कोण सोडवणार? मागे आमच्या नावाचं कोणीच नाही. मी काय कयामतीपर्यंत बादल्या वाहू? बोलता बोलता तिने माझं मनगट घट्ट धरलं. या बाईलाही भीती वाटते हे पहिल्यांदा दिसलं मला.

मातीवर हात ठेवून तिने मला म्हणायला लावलं, तुझ्यानंतरची पाळी माझी किंवा माझ्या लेकराची. ‘लेकराची’ म्हणताना जीभ अडली, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, माझी एकटीची चालेल की. ती म्हणाली, मग लिझीची शपथही राहिली. तिच्या हट्टापुढे कोणाचं काय चालणार? मरायचं तर सगळ्यांनाच आहे, मला ऐंशीव्या वर्षी कुठे पुरतात याने काय बिघडतं? आमच्याकडे तर कबरीचंसुद्धा भाडं भरावं लागतं. म्हटलं एकदाचं. दुपारी तिने नोंदणी कचेरीत खणखणीत आवाजात शपथ घेतली. कचेरीतल्या बाईने माझ्या पोटाकडे बघून तातडीचा शेरा मारला. देव तिचं भलं करो.

३१ ऑक्टोबर

डिम्फ्नामावशी सोमवारी गेली. आज पुरलं. दोन दिवस घरात माणसं येत होती, चहा पीत होती, आणि माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हती. चेहऱ्याकडेही कोणी बघत नव्हतं, सगळ्यांच्या नजरा पोटावर. मॉसीने तेवढं विचारलं, कितवा महिना? सांगितल्यावर मान हलवून निघून गेला. माती लोटली आणि सगळे पळाल्यासारखे पांगले.

माझ्याशी ती कधी धड बोलली नाही, तरी रडू आलं. एकटं घर खायला उठतं. पण उत्तर याच पत्त्यावर येणार आहे. थांबायलाच हवं.

५ नोव्हेंबर

दुपारी स्वयंपाकघराच्या दारात बादली. रिकामी. मी ती मागच्या पडवीत पालथी घालून ठेवली होती, मला पक्कं आठवतं. दारापासून शेतापर्यंत गवत तुडवलेलं, ओल्या पावलांनी. अनवाणी पावलं.

गावातल्या टवाळांचं काम असणार. बादली पुन्हा पालथी घातली.

दिवसभर तहान लागतेय. कितीही प्यायलं तरी.

८ नोव्हेंबर

पाहिलं तिला. भर दुपारी, लख्ख उजेडात. शेतातून दोन बादल्या घेऊन चालली होती, मिस्साचा निळा झगा, ज्यात पुरलं तोच. कंबरेत वाकलेली. काठीसारखी ताठ बाई होती हो ती! मध्येच थांबली, बादल्या खाली ठेवल्या, आणि माझ्या खिडकीकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. पोटाकडे.

धावत मॉसीकडे गेले, मावशीला दिलेल्या शब्दासकट सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, काउंटर पुसत राहिला. मग म्हणाला, फेस्टसने तीस वर्षं काढली, कारण त्याला कोणी शब्द दिला नव्हता. हिला तू दिलास. मी म्हटलं, मला बस कधी आहे ते सांगा, मी जाते. त्यावर ओरडला माझ्यावर. आता जायचं नाही. माझी आई कॉर्मिकन होती, तेच रक्त आमच्यातही आहे. तू गेलीस तर ती आमच्या दारात येईल, माझ्या नातवंडांच्या. तेव्हा सांगितलं होतं जा म्हणून, तेव्हा ऐकलं नाहीस. शब्द तुझा, निस्तर तू.

आणि दार लावून घेतलं. माझ्या तोंडावर.

१२ नोव्हेंबर

डब्लिनचं पाकीट आलं. माझं नाव चढलं. बाळ जन्माला यायच्या आधी. झालं सगळं, ज्यासाठी आले ते सगळं. मी दारात उभी राहून वाचत होते, मोठ्याने, बाळाला ऐकू जावं म्हणून —

मागे बादली टेकल्याचा आवाज आला. वळले नाही. ओल्या लोकरीचा वास. ती माझ्या खांद्यावरून वाचत होती.

तेव्हापासून बाळ हललेलं नाही.

१३ नोव्हेंबर

निघाले. सकाळची बस. कोणी अडवलं नाही. मॉसी दारात उभा होता, नुसता बघत.

पूल ओलांडला आणि पोट गार पडलं. आतून गार. हात ठेवला तर दगडावर ठेवल्यासारखं. मी किंचाळले, गाडी थांबवा! ड्रायव्हर घाबरला, दवाखान्यात नेतो म्हणाला. दवाखाना पुढे आहे. पुढे नाही, मागे जायचंय मला, मागे —

धावले. या पोटाने धावले. घरी आले, का कोण जाणे, हापशावर गेले. बादली भरली. शेत ओलांडून भिंतीवर नेली, ओतली, ओरडले — घे, पी, प्या सगळे, बाळाला सोडा!

हललं. बाई गं, हललं! लाथ मारली.

१५ नोव्हेंबर

खेप टाकली की हलतं. थांबले की थांबतं. थोडा वेळ मिळतो — पावाचा तुकडा खाण्यापुरता. झोप उभ्यानेच, भिंतीला टेकून.

मावशी आता कुंपणापाशी बसलेली असते. पाय पसरून. बादल्या बाजूला. मी ओतते, ती बघते.

कोणीतरी फाटकावर पाव आणि दूध ठेवून जातं. चांगला ताजा पाव. मॉसीच असणार. मी मरायला नकोय त्यांना. एवढ्यात तरी.

बाळ जन्मल्यावर मग? माझी पाळी सुटेल, की त्याची लागेल? ते तर इथलंच. मीच करून घेतलं ना इथलं, कागदावर, धावपळ करून —

१७ नोव्हेंबर

हाताला फोड. हापसा जड झालाय. खेपा मोजत नाही.

रुबेनचा फोन वाजत होता. घेतला नाही. बोलायला थांबावं लागतं.

रुबेन, हे तुला लिहितेय, बसून, म्हणून लवकर — इथे ये. नको, येऊ नकोस. बाळाला इथून ने. जन्मलं की लगेच, पुलापलीकडे, मी इथे राहीन, मी भरत राहीन, तिला सांगितलंय मी, ती काही बोलत नाही, नुसती —

गार पडतंय.

थांब, सोन्या, थांब, आले. हे एवढं वाक्य आणि मग —