दोन तुकडे जुळले तेव्हा

नावन, मे २०२१

ती. आईला पद्मजाचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझी बीपीची गोळी चालू आहे ना? मामी अजून सोबतीला आहे ना?

रोमच्या त्या संगमरवरी नकाशाचं माझं काम घरूनच चाललंय. अठराशे वर्षांपूर्वीचे फुटके तुकडे, त्यांचे फोटो लॅपटॉपवर जुळवायचे. बाबा रोज विचारायचे, "आज काही जुळलं का गं?" वर्षभर मी नाहीच म्हणत आले.

काल दोन तुकडे जुळले. एकावर अर्धा जिना कोरलेला होता, दुसऱ्यावर त्याच्याच उरलेल्या पायऱ्या निघाल्या. मी आनंदाने ओरडले आणि सवयीने बाबांना फोन लावला. ते गेलेत हे त्या क्षणी आठवलंच नाही.

फोन तू उचललास. "पद्मा, बोल ना," असं दोनदा म्हणालीस. मी फोन ठेवला आणि रेंज गेली असा मेसेज टाकला.

रेंज गेली नव्हती गं आई. तुझा आवाज ऐकला आणि बाबा नाहीत हे आठवलं.

त्यांचं शेवटचं दर्शनही मला मोबाइलवरच घ्यावं लागलं. विमानप्रवासाचे निर्बंध उठले की लगेच तिकडे निघते. तोवर बाबांचा फोन बंद करू नकोस. रोज चार्ज करत राहा.

तुझीच,
पद्मा