अठरा सेकंदांच्या आधीचा प्रश्न

प्रिय शिवकन्या,

तुझी चुलती साखराबाई आज बाजाराला आली होती. तुमची मेंढरं सध्या गोदाकाठाला एका कापसाच्या रानात बसलीत आणि तू बरी आहेस, एवढं तिच्याकडून कळलं. उद्या ती तिकडेच निघालीय, म्हणून हे पत्र तिच्या हाती देतेय. फोन करता आला असता. पण माझा आवाज ऐकून तुझे वडील फोन ठेवून देतील अशी भीती वाटली, आणि तू फोन घेतलासच तर काय बोलू, याची त्याहून जास्त.

ऑक्टोबरातला तो वादविवाद मी तीन महिने रोज आठवतेय. बारावीच्या वर्गाला मी विषय दिला होता, हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकायचा निर्णय योग्य होता का. बाजू ठरवायला बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. तुझ्या हाती 'अयोग्य' आलं तेव्हा तू कुरकुरलीस, "मॅडम, मला दुसरी द्या. ह्या बाजूला कोणी टाळ्या वाजवत न्हाई." मी हसून म्हणाले, आली ती चिठ्ठी आपली. मग मी तुम्हाला क्योतो शहराची गोष्ट सांगितली. बॉम्बसाठी निवडलेल्या जपानी शहरांच्या यादीत ते होतं, पण अमेरिकेच्याच एका मंत्र्यानं ते स्वतः फिरून पाहिलेलं होतं आणि त्यानं हट्टानं त्याचं नाव काढायला लावलं. सगळी मुलं वहीत लिहून घेत होती. तू मान वर केलीस आणि विचारलंस, "म्हंजी पाहिलेलं गाव वाचलं, अन् न पाहिलेलं गेलं?"  मी तास संपवला.

वादविवादाच्या दिवशी तू नाथाकाकाची हकीकत सांगितलीस. लांडग्यानं तुमची कोकरं नेली म्हणून काकानं मेलेल्या कोकरात विष घालून ते ओढ्याकाठी ठेवलं. लांडगा मेला. मग कावळे मेले, तुमचं स्वतःचं कुत्रं मेलं, आणि पाऊस झाल्यावर त्याच ओढ्याचं पाणी पिऊन तुमच्याच सात मेंढ्या गेल्या. "काका लई रडला," तू म्हणालीस, "पर इष घालताना तो बी म्हनत होता, दुसरा इलाज न्हाई."  'योग्य' म्हणणारी योगितासुद्धा खाली बसली. तिथंच मी थांबायला हवं होतं. पण मला अभिमान वाटत होता गं, माझ्या वर्गात एवढं बोललं जातंय याचा. म्हणून मी एक प्रश्न जास्तीचा विचारला. समज, बॉम्ब आपला आहे, समोर शत्रू आहे आणि बटण तुझ्या हातात आहे. मग?

 तू म्हणालीस, "आपला असला तरी मी न्हाई दाबणार. खाली माणसंच हायेत. कोणी काही म्हनो."

मागच्या बाकावरून कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं. अठरा सेकंदांचं. त्यात माझा प्रश्न नव्हता, चिठ्ठी नव्हती, हिरोशिमा नव्हतं. फक्त तुझा चेहरा आणि तेवढी वाक्यं. संध्याकाळपर्यंत ते पंचक्रोशीतल्या सगळ्या ग्रुपवर फिरलं, खाली काय काय लिहिलं होतं ते तू वाचलंच असशील. दुसऱ्या दिवशी चार माणसं मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन बसली आणि मला बोलावणं आलं. ओरडलं कुणीच नाही. चहासुद्धा घेतला त्यांनी. एकानं मला फक्त विचारलं, "मॅडम, तुमी बीडहून रोज एकट्याच येता का?"

ती माणसं गेल्यावर मुख्याध्यापक राधाकिशन सरांनी कोरा कागद पुढं केला. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. 'सदर विद्यार्थिनीने विषय सोडून स्वतःच्या मनाने वक्तव्य केले. शिक्षिकेचा त्याच्याशी संबंध नाही.' शिवकन्या, ते अक्षर माझं आहे. खाली सही माझी आहे. सर म्हणाले, "तुम्ही तासिकेवर आहात, बाई, कायम नाही. पोरीला एक माफीनामा लिहायला लावू, मिटून जाईल." बॉम्ब टाकणारा वैमानिक एकटाच नव्हता, त्याच्यामागं कागदावर सह्या करणारी किती माणसं होती, हे त्याच महिन्यात मी तुम्हाला फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. सही करताना मला ते आठवलं. तरी हात थांबला नाही.

तुझे वडील आले त्या दिवशी मी शाळेतच होते. मधल्या भिंतीपलीकडून हरिबांचा आवाज ऐकू येत होता. "माझ्या पोरीनं चोरी केली का सर? मग माफी कावून मागायची?" सरांनी त्यांना माझा कागद वाचून दाखवला.  जरा वेळानं तुम्ही दोघं फाटकाबाहेर जाताना दिसलात. माझ्या पायात चप्पल होती, दार उघडं होतं, मधे वीस पावलं अंतर होतं. मी खिडकीतून मागं सरकले. तू वळून पाहिलंस की नाही, हे मला आजही माहीत नाही. त्यानंतर तू शाळेत आलीच नाहीस.

तुला वाटत असेल, बाई सुटल्या. सुटले नाही गं. मांजरसुंब्याला बस बदलताना एक मोटारसायकलवाला दोनदा माझ्या शेजारी येऊन थांबला. "आज कोणता बॉम्ब, मॅडम?" एवढंच विचारलं आणि गेला. आता मी बसमध्ये खिडकीशी बसत नाही. वर्गात नोट्स सांगते, मुलं उतरवून घेतात. गेल्या आठवड्यात योगितानं विचारलं, हिरोशिमाचा धडा परीक्षेला येईल का. मी म्हणाले, तो सोडून द्या. ते माझ्या तोंडून निघालं आणि मला स्वतःचीच भीती वाटली. त्या चार माणसांना न सांगता मी त्यांचं काम करत होते.

आज सकाळी मी दुसरा कागद लिहिलाय. बाजू चिठ्ठीनं ठरली होती, शेवटचा प्रश्न मी विचारला होता, आणि पहिला जबाब मी भीतीपोटी खोटा दिला, एवढं त्यात आहे. त्याच्या दोन प्रती आहेत. एक सोमवारी राधाकिशन सरांना द्यायचीय. पण मी मला ओळखते. ते दार लावून घेतील, समजावतील, कदाचित ती माणसंही बसलेली असतील, आणि मी तो कागद पर्समध्येच ठेवून परत येईन. म्हणून सहीची पहिली प्रत या पत्रासोबत तुला पाठवतेय. एकदा ती तुझ्या हातात पडली की मला माघार घेता येणार नाही. सोमवारी कागद दिल्याचा माझा निरोप आला नाही, तर मी गप्प बसले असं समज, आणि तू आणि हरिबा हा कागद घेऊन या आणि माझ्यासमोर सरांच्या टेबलावर ठेवा. तुझा बारावीचा फॉर्म भरलेला आहे, नाव पटावर आहे, परीक्षेला अजून पाच आठवडे आहेत. मला माफ कर असं मी लिहिणार नाही. साखराबाई निघेपर्यंत हे पत्र माझ्याकडेच राहिलं तर मी ते फाडून टाकेन, म्हणून ते आत्ताच तिच्या पिशवीत ठेवायला जातेय.

तुझीच,
बबिता मॅडम