माझ्या ओकेशिवाय

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी.

नवा संकल्प: रोज चार ओळी लिहायच्या. मेव्हण्याने सांगितलं म्हणून नव्हे. मेव्हणा डॉक्टर आहे, त्यामुळे जेवायला आला तरी औषध देऊन जातो. म्हणाला, मनातलं कागदावर काढा, हलकं वाटेल. माझ्या मनात काही नाही. पण लिहायला हरकत नाही.

मार्केट वाईट आहे. आम्ही ऑफिसच्या खुर्च्या-टेबलं विकतो आणि सध्या लोक ऑफिसंच बंद करताहेत. परवा एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. उत्साहाने उचलला, तर तो विचारत होता, तुमच्याच खुर्च्या परत घ्याल का. मजल्यावरचे निम्मे दिवे बंद ठेवायचं ठरलंय. माझ्या टेबलावरचा त्या निम्म्यात आहे. माझी नजर चांगली आहे, हे वरच्यांच्या लक्षात आलेलं दिसतं.

माझं काम असं: बाहेर जाणारं प्रत्येक कोटेशन आधी माझ्याकडे येतं. डिस्काउंट किती दिलाय ते मी तपासतो, ओके लिहितो, मगच ते गिऱ्हाइकाला जातं. मार्केट पडायला लागलं तेव्हा हा नियम मीच घालून दिला. माझ्या ओकेशिवाय इथलं स्टूलसुद्धा हलत नाही. सध्या ओके दिलं तरी हलत नाही, पण तो मार्केटचा दोष.

५ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं की मार्चअखेरपर्यंत आमच्या मजल्यावरची एक जागा कमी होणार. सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसले. मी एकट्याने साहेबांकडे बघून जबाबदार माणसासारखी मान डोलावली. साहेबांनी नजर वळवली. बिचाऱ्यांवर फार ताण आहे.

मला काळजी हसरीची वाटते. हसरी म्हणजे माझ्या हाताखालची सेल्सवाली. कुठलीही बातमी आली की आधी हसते, मग ऐकते. आजही हसली. अशाने कसं व्हायचं? तिला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगणार होतो, पण माझ्याकडे कोटेशनं साचली होती. ती म्हणाली, त्यातली बरीचशी माझीच आहेत, सर. मग शाळेचं काय झालं, असंही विचारलं. एका शाळेला स्टाफरूमसाठी खुर्च्या हव्यात. बघतो म्हणालो.

उजवा डोळा फडफडतोय. स्क्रीनमुळे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शोरूममध्ये एक मोठं गिऱ्हाईक आलं. सगळ्यात उंच पाठीची, मानेला आधार देणारी खुर्ची मी स्वतः बसून दाखवली. आधी पाठ टेकवायची, मग मान, मग डोळे मिटून बघायचं, कसं वाटतं ते.

हसरीने खांदा हलवला तेव्हा जाग आली.

प्रसंगावधान राखून मी म्हणालो, बघितलंत, ही अशी खुर्ची आहे. गिऱ्हाईक खूप हसलं. जाताना हळूच विचारलं, तुमची तब्येत बरी आहे ना. विचार करून कळवतो म्हणालं. यापेक्षा चांगला डेमो या कंपनीत कुणी दिला नसेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक विचित्र गोष्ट. एका अनोळखी माणसाच्या मेलमध्ये शेवटी लिहिलं होतं, काळजी घ्या. सगळेच लिहितात. वाचलं आणि उठून जिन्यात गेलो. लिफ्ट असल्यामुळे तिथे कुणी नसतं. दोन मजल्यांच्या मधल्या पायरीवर बसून रडलो. कारण काही नव्हतं. भीती वाटत होती, आणि कसली ते कळत नव्हतं, त्याचीच जास्त भीती वाटली.

जिन्यात धूळ फार आहे. ऑफिसला कळवलं पाहिजे.

संध्याकाळी मुलगी गुणगुणत भांडी पुसत होती, तिच्यावर ओरडलो. ती गप्प झाली, मग घरच गप्प झालं. बायको म्हणाली, तू माणसांत नाहीयेस. म्हटलं, मी मार्केटमध्ये आहे. वाक्य चांगलं जमलं होतं. कुणी हसलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

बायकोने भावाला बोलावून घेतलं. त्याने ब्लडप्रेशर बघितलं, पुन्हा बघितलं, मग त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. म्हणाला, याला बर्नआउट म्हणतात. निदान पंधरा दिवस रजा घ्या, नाहीतर शरीर स्वतःहून घेईल. बर्नआउट कामचुकार लोकांना होतो. मी त्याला समजावलं की माझ्या ओकेशिवाय ऑफिस ठप्प होईल. तो म्हणाला, भाऊजी, कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याचे निम्मे पेशंट त्याच्याशिवायच बरे होतात, म्हणून त्याला असं वाटत असेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मेव्हण्याच्या मूर्खपणातून एक नामी कल्पना सुचली. रजा घ्यायची! पंधरा दिवस नाही, एकच आठवडा, आणि तोही एक जागा कमी करायचा निर्णय व्हायच्या अगदी आधी. माझं काम कुणालाही सोपवायचं नाही. कोटेशनं साचतील, सेल्सवाले डोकं धरून बसतील, साहेब फोन करतील. मी पहिल्या फोनला उचलणार नाही. माणसाची किंमत तो नसताना कळते.

साहेबांकडे गेलो. त्यांनी विचारलं, तुमच्या मागे ओके कोण देणार? म्हटलं, कुणी नाही, आठवडाभर गिऱ्हाइकं थांबतील. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, ठीक आहे, घ्या रजा. इतक्या पटकन. माझ्यावर त्यांचा केवढा विश्वास आहे.

बायकोला सांगितलं तर तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. खरं कारण तिला सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार. रजा.

सकाळी लवकर उठून फिरायला जाणार होतो. उठलो तेव्हा ऊन पलंगावर आलं होतं.

फोन नाही. पहिला दिवस आहे, लाजत असतील.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

फोन नाही. बायकोच्या मोबाइलवरून माझ्या मोबाइलला रिंग देऊन बघितली. वाजतो. आवाज वाढवून ठेवला.

दुपारी पुन्हा झोप लागली. पोटभर जेवलो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

बायको म्हणाली, तुझा डोळा फडफडायचा थांबलाय. असेल. मला आता इतर काळज्या आहेत. संध्याकाळी ती मला कोपऱ्यापर्यंत फिरवून आणते. रस्त्याकडेच्या झाडांखाली ती काहीतरी सांगत होती आणि हसत होती. मी खिशातला फोन हाताने धरून ठेवला होता, म्हणजे वाजला तर कळेल.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

न राहवून हसरीला फोन केला. म्हटलं, माझा चष्मा टेबलावर राहिलाय का, बघ जरा. ती म्हणाली, सर, तुम्ही चष्मा कुठे लावता? ताकाला जाऊन भांडं लपवू नये हेच खरं. सरळ विचारलं, फार खोळंबा झालाय का?

ती हसली. म्हणाली, नाही सर, तुम्ही निवांत राहा. साहेबांनी या आठवड्यापुरतं सांगितलंय की ठरावीक डिस्काउंटपर्यंत आपलं आपण ठरवा. शाळेची ऑर्डर झाली. दुपारी मुख्याध्यापक आले, खुर्चीवर बसून बघितली, सही करून गेले. शिवाय आणखीही दोन झाल्या.

ते कोटेशन माझ्याकडे जानेवारीपासून होतं. मी पाच टक्क्यांवर ठाम होतो आणि हिने सात टक्के सोडले! मी असतो तर पाचच्या वर गेलो नसतो. गिऱ्हाईक हातचं गेलं असतं, पण पाच टक्क्यांतच गेलं असतं. शिस्त म्हणून काही आहे की नाही?

छातीत धडधडतंय. बायकोला बोललो नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

रजा मोडली. बायकोने दारात अडवलं. म्हणाली, आजचा एक दिवस राहा, मी सुट्टी घेतलीये तुझ्यासाठी. तिला मार्केट कळत नाही.

अगदी वेळेवर ऑफिसात पोचलो. शाळेच्या खुर्च्या तिकडे गोदामात ट्रकवर चढत होत्या. मी फोन करून माल थांबवला. म्हटलं, या ऑर्डरवर माझं ओके नाही. गोदामवाला म्हणाला, साहेबांचं आहे ना. म्हटलं, साहेब रोजच्या कामात लक्ष घालत नाहीत, नियम मोडता येणार नाही. ट्रक संध्याकाळपर्यंत उभा राहिला. मग माल उतरवून घेतला. शाळेला नवीन कोटेशन पाठवलं. पाच टक्के. कितीतरी दिवसांनी काहीतरी केल्यासारखं वाटलं.

हसरी माझ्या टेबलाशी आली आणि शाळेची फाइल ठेवून गेली.

३ मार्च, सोमवार

शाळेने ऑर्डर रद्द केली. दुसरीकडून घेतल्या खुर्च्या. म्हणजे माझा अंदाज बरोबरच होता, ते गिऱ्हाईक पक्कं नव्हतंच.

साहेबांनी परवा भेटायला बोलावलंय. आठवडाभर माझी उणीव भासली असणार, मोठी माणसं पटकन कबूल करत नाहीत. कपाळावर घाम येतोय. खोली बंद असते म्हणून.

५ मार्च, बुधवार

साहेबांनी स्वतः उठून दार लावलं. मला बसा म्हणाले. मीच महिन्यापूर्वी दाखवत होतो त्यातली खुर्ची, पण मला टेकवेना.

साहेब म्हणाले, "तुम्ही रजेवर होता तो आठवडा या वर्षातला आपला सगळ्यात चांगला आठवडा होता."

म्हटलं, योगायोग असेल.

"मलाही तसं वाटलं असतं. मग तुम्ही परत आलात, आणि एका दिवसात भरलेला ट्रक रिकामा झाला."

मी बरंच बोललो. मार्केट, शिस्त, मी रविवारी बसून तपासलेली कोटेशनं, मोडलेली पाठ, सगळं. आवाज चढला, मग बसला. त्यांनी पाणी पुढे केलं. म्हणाले, तुम्ही दमलायत, हे मी कधीपासून बघतोय. तेव्हाच बोलायला हवं होतं, चूक माझीही आहे. शुक्रवार शेवटचा.

मी विचारलं, "माझ्या जागी कोण येणार?"

"कुणी नाही. ती जागाच ठेवत नाही आहोत."

दुसरं कुणी येणार असतं तर मी त्याला शिव्या तरी दिल्या असत्या. गरज सरो, वैद्य मरो. आणि रजेचा अर्ज मी माझ्या हाताने दिला होता.

७ मार्च, शुक्रवार

शेवटचा दिवस. माझ्याकडे पडून असलेल्या सगळ्या कोटेशनांना ओके लिहिलं. नंतर कळलं, त्यातली बहुतेक गिऱ्हाइकं केव्हाच निघून गेली होती.

हसरी लिफ्टपर्यंत आली. आज ती हसली नाही. म्हणाली, सर, आधी झोप काढा. मी तिला म्हटलं, डिस्काउंट जपून दे. लिफ्टचं दार बंद होताना मला तिचा अतिशय राग आला, आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत तो उरला नाही.

१० मार्च, सोमवार. दुपारी.

नवा संकल्प: आता घराकडे लक्ष. घरात इतकी वर्षं कुणाचंच नियंत्रण नव्हतं. सकाळी चहाच्या वेळी जाहीर केलं की यापुढे घरातलं सगळं मी बघणार. लाइटबिल, मुलीचा अभ्यास, बँकेचं, माझ्या आईचं औषधपाणी. कोणती कामं अडून राहिलीत ते मला सांगायचं, मी एकेक हातावेगळं करतो.

मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं. बिल आपोआप भरलं जातं. आईला दर महिन्याला मुलगीच तपासणीला घेऊन जाते, आणि आईचं ऑपरेशनही झालं, मोतीबिंदूचं, गेल्या हिवाळ्यात. मला सांगितलं होतं म्हणे. मी 'बघतो' म्हणालो होतो. मुलीने कॉलेजात विषय बदलला, त्यालाही सहा महिने होत आले. तिने मला न विचारता इतकं मोठं पाऊल उचललं म्हणून मी तोंड उघडलं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, विचारायला आले होते. तुम्ही लॅपटॉपवर डोकं ठेवून झोपला होतात."

ती कॉलेजला गेली. मी पलंगावर जाऊन पडलो. बायकोने कामावर जाताना माझ्या अंगावर पांघरूण घातलं. मी तिला विचारलं, मग आता मी करू तरी काय.

"काही करू नकोस. झोप. तुझ्यावाचून काही अडलेलं नाही."

गेल्या कित्येक दिवसांत माझ्याशी इतक्या मायेने कुणी बोललं नव्हतं. तिने पडदा ओढला, दार हळू लावून घेतलं. दुपार झाली तरी मी डोळे उघडे ठेवून पडून आहे.