मधलं तेवढं दिसत नाही

१४ सप्टेंबर

ताप उतरला. सुटले! डोळ्यांच्या मागे कुणीतरी हातोडा घेऊन बसलं होतं, तेही उठून गेलं. डेंग्यू शत्रूलाही होऊ नये. समोरच्या पार्लरवालीला थोडासा झाला तर चालेल.

१५ सप्टेंबर

हे म्हणाले, "अजून आराम कर." मी आराम केला की गिऱ्हाइकं समोर जातात! उघडलं पार्लर.

पहिल्याच वकीलबाई. कोर्टात जाण्याआधी आयब्रो करायच्या होत्या. दोरा दातात धरला, वाकले, बघते तर बाईंना उजवी भुवईच नाही! म्हटलं, कुठून करून आलात की काय? "काय करून?" बोटाने चाचपली, तर होती! अशक्तपणा असेल म्हटलं आणि अंदाजाने दोरा चालवला.

आता अर्धी आहे. उरलेली अर्धी कपाळाकडे चढलीय. बाई आरशात बघून एक शब्द बोलल्या नाहीत. वकील गप्प बसला की समजावं, आपलं काही खरं नाही.

१६ सप्टेंबर

भुवया सोडा — आज ह्यांना नाकच नाही! नाकाकडे बघितलं की नाक गायब. कानाकडे बघितलं की नाक हजर. मधोमध करडा डाग, जाईन तिथे माझ्या पुढे. दाराची चौकटसुद्धा कंबरेत वाकलेली. ह्यांचं निदान — "चष्मा लागला असेल. वय झालं आता."

काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नणंदेने ऐकलं. आमच्या वन्सं ग्रंथपाल. चाळिशी उलटली, लग्न केलं नाही, कुणाची भीडही ठेवली नाही. म्हणाल्या, "दादा, बिननाकाचा तू तिला आवडतोस का ते नंतर बघू. आधी डोळ्यांचा डॉक्टर!"

१७ सप्टेंबर

डोळ्यांत थेंब. बाहुल्या ताटलीएवढ्या. हनुवटी मशीनवर. डॉक्टर टकले, मऊ बोलणारे, शर्टाचं बटण तुटलेलं. म्हणाले, "डेंग्यूमुळे डोळ्याच्या पडद्याला मधोमध सूज आलीय. बारीक रक्तवाहिन्या पाझरतात. पुष्कळदा ताप उतरता उतरताच हे सुरू होतं." चष्म्याचा उपयोग नाही. (घरी आल्याआल्या ह्यांना हे दोनदा ऐकवलं.) बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप सुधारतं. एखाद्याचा डाग राहतो.

चौकटींचा कागद दिलाय. एकेक डोळा झाकून रोज बघायचं, रेषा वाकतात का. वन्संनी इतके प्रश्न विचारले, की बाहेरचे पेशंट खोकायला लागले.

बहुतेकांचं म्हणे. मी आयुष्यात कधी बहुतेकांत बसलेय?

२० सप्टेंबर

पार्लर बंद. माणूस बघायचा तर त्याच्या शेजारी बघावं लागतं! दूधवाल्याशी भिंतीकडे बघून बोलले. बिचारा म्हणाला, "ताई, काही चुकलं का माझं?" शेजारीण सगळीकडे सांगतेय, मला गर्व झाला. कसला? डेंग्यूचा?

२४ सप्टेंबर

डॉक्टरांकडे. वन्संनी रजा टाकली. डॉक्टर म्हणाले, परवा या.

२६ सप्टेंबर

गेलो. पुन्हा परवा या. इतकं का बोलावतात? सर्दीला कुणी इतकं बोलावत नाही. वन्संना विचारलं, तर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "काळजी घेणारा माणूस आहे." काळजी घ्यावी असं काहीतरी आहे म्हणजे!

३० सप्टेंबर

वकीलबाई दारात! मी मोरीत लपले. वन्संनी हात धरून बाहेर काढलं. बाई खटला जिंकल्या! उलटतपासणीभर अर्धी भुवई वर. साक्षीदाराला वाटलं, बाईंचा आपल्या एका शब्दावर विश्वास नाही. घाबरून खरं बोलून गेला. "दुसरीही तशीच करून द्या," म्हणाल्या. म्हटलं, बाई, तसं मला मुद्दाम जमणार नाही.

३ ऑक्टोबर

आज हसण्यासारखं काही नाही.

थेंब घालून बाहेर बाकावर डोळे मिटून बसले होते. दार किलकिलं. आतून डॉक्टर — "त्यांना कधी सांगायचं?" आणि वन्सं — "इतक्यात नको. वहिनी आधीच घाबरलीय."

कळलं मला.

घरी ह्यांना समोर बसवलं. चेहऱ्यावरून हात फिरवला. कपाळ, गालावरचा खळगा, हनुवटीवरचा व्रण. पाठ करून ठेवायचं होतं. "केस कापतेस का?" म्हणाले. गप्प बसा म्हटलं. बसले. मग हळूच म्हणाले, "नाक आहे ना जागेवर?" दोघंही हसलो. माझं हसणं मध्येच भलतीकडे वळलं. ह्यांनी नुसता हात धरून ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्यांना गप्प बसायची वेळ कळली.

५ ऑक्टोबर

वन्संना दोरा शिकवतेय. पार्लर कुणीतरी चालवायला हवं ना! आज स्वतःचाच अंगठा दोऱ्यात गुंडाळून बसल्या. का शिकवतेय, हेही विचारत नाहीत. वर गालातल्या गालात हसतात! मी इथे आंधळी होतेय आणि बाई गाणं गुणगुणते. माणूस की दगड?

८ ऑक्टोबर

कागदावरच्या रेषा सरळ दिसल्या. दोन्ही डोळ्यांना. ह्यांना सांगितलं नाही. भास असेल. उगाच त्यांना आशा लावायची आणि मग…

९ ऑक्टोबर

संध्याकाळी डॉक्टर स्वतः घरी आले! नवा शर्ट, घामाने भिजलेला. मी ह्यांचा हात घट्ट धरला. म्हटलं, सांगून टाका, किती दिवस दिसेल? डॉक्टर गोंधळले. "दिसेल म्हणजे? डोळे छान सुधारलेत तुमचे. खरं तर इतक्या वेळा यायची गरजही नव्हती. मी… ह्यांच्याविषयी बोलायला आलोय."

ह्यांच्या म्हणजे वन्संच्या! लग्न करताहेत दोघं!

आधी रडले. मग दोघांना यथेच्छ शिव्या दिल्या. आणि वन्सं लाजल्या! आमच्या वन्सं! मी सरळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, अगदी मधोमध, आणि मला सगळं दिसलं.